लिंबूटिंबू आई-बाबा: घरात खेळ परत कसा आणायचा

आमच्या बालवाडीच्या पहिल्या पालकसभेत मी दरवर्षी एक प्रश्न विचारते: "काल तुमचं मूल काय खेळलं?" भराभर हात वर होतात. कुणी म्हणतं स्केटिंग, कुणी अबॅकस, कुणी टॅबवरचं एबीसीडीचं ॲप. "हे तुम्ही लावलेलं झालं," मी म्हणते, "कुणीही न सांगता काय खेळलं?" इथे सभा गप्प होते. मग मागच्या रांगेतली एखादी आजी हळूच सांगते, "दाराच्या मागं जाऊन उभा राहत होता. मी शोधून काढलं की म्हणायचा, तुला मी दिसलोच नाही, परत शोध." माझं पहिलं बरोबर उत्तर बहुतेक वर्षी आजीकडूनच येतं.

१९ वर्षं बालवाडी चालवतेय, तरी स्वतःच्या घरात मी या विषयात सपशेल नापास झाले होते. मुलगा तीन वर्षांचा असताना मी रोज संध्याकाळी त्याच्यासोबत ठोकळे घेऊन बसायची. "लाल कुठला? किती झाले? यातला मोठा कुठला?" एक दिवस त्यानं हातातला ठोकळा माझ्या मांडीवर ठेवला, "तूच खेळ" म्हणाला आणि ओट्याखाली जाऊन डब्यांची झाकणं गोल फिरवत बसला. अर्धा तास हलला नाही. माझी शिकवणी चालू होती, आणि खेळ तिकडे ओट्याखाली गेला होता.

गल्लीतल्या खेळात आपल्याकडे लिंबूटिंबू नावाची एक फार शहाणी सोय होती. धाकटं भावंड मागे लागलं की त्याला डावात घ्यायचं, पण ते आउट झालं तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. ते सगळ्यांबरोबर पळायचं, ओरडायचं, लपायचं. नियम ठरवणं मात्र त्याच्याकडे नसायचं. मुलांच्या खेळात आई-बाबांची जागा हीच. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत. क्रमानं घेतल्या तर पाच-सहा आठवड्यांत घरात फरक दिसतो, असा माझा अनुभव आहे. पहिल्या पायरीवरून उडी मारून थेट खेळण्यांच्या दुकानात गेलात तर दिसत नाही.

आधी, ज्यांच्या घरी "खेळ कसला, आधी अभ्यास होऊ दे" असं म्हणणारं कुणी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. स्टॅच्यू खेळताना मूल काय करतं बघा. धावायची जबर इच्छा असताना शरीर जागच्या जागी रोखून धरतं, हसू दाबतं, पुढचा हुकूम कानात तेल घालून ऐकतं. पहिलीच्या वर्गात बाईंना हेच तर हवं असतं, आणि ते "शांत बस" म्हणून येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं की पहिल्या दोन वर्षांत तपासणीला आलेल्या प्रत्येक बाळाला खेळाचं प्रिस्क्रिप्शन लिहून द्या. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही आठ वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा पाया खेळावर ठेवला आहे. घरातल्या कुणाला कागदच दाखवायचा असेल तर हे दोन पुरेत.

पायरी १: आठवडाभर फक्त बघा

एक जुनी वही घ्या. सात दिवस काहीही बदलायचं नाही, खेळणी आणायची नाहीत, मोबाइल काढून घ्यायचा नाही. मूल आपणहून जे काही करायला लागेल ते एका ओळीत लिहायचं: काय, कशाशी, किती वेळ. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे, थांबलं कशामुळे.

हा रकाना पालकांना हादरवतो. एका आईनं आणलेली वही मला आठवते. "सोमवार. बाथरूममध्ये मग आणि दोन पेले. एकातून दुसऱ्यात पाणी. ९ मिनिटं. मी थांबवलं, उशीर होत होता. मंगळवार. बाबांच्या चपला घालून 'ऑफिसला चाललो'. ४ मिनिटं. आजींनी थांबवलं, चपला घाण असतात. बुधवार. उशांचा डोंगर. ६ मिनिटं. मी थांबवलं, पाहुणे येणार होते." आठवड्यात एकदाही खेळ त्या मुलानं स्वतः संपवला नव्हता. आणि त्याच आईची तक्रार होती की पोराचं कशात लक्षच लागत नाही.

वहीतून दुसरी गोष्ट कळते ती मुलाच्या आवडीची. कुणी सतत भरतं आणि ओततं, कुणी सगळं रांगेत लावतं, कुणी लपतं आणि लपवतं, कुणी चढतं, कुणी कुणीतरी 'होतं': डॉक्टर, कंडक्टर, कुत्रा. पुढे सामान काढताना ही ओळखच कामाला येते. ओतणाऱ्या मुलाला हजाराचं कोडं आणून दिलंत तर ते त्याचे तुकडे डब्यातून डब्यात ओतणारच. ते चुकत नाहीये.

पायरी २: वीस मिनिटं मोकळी करा

दिवसातली कुठलीही वीस मिनिटं, पण रोज तीच. डोंबिवलीहून लोकल पकडणाऱ्या बापाला संध्याकाळी सहाची वेळ सांगण्यात अर्थ नाही. तो साडेआठला घरी येतो, तर जेवणं झाल्यावर चटई उचलायच्या आधीची वीस मिनिटं त्याची. आईची वेगळी. दोघांनी एकत्रच खेळलं पाहिजे असं काही नाही.

नियम दोनच. मोठ्यांचा फोन दुसऱ्या खोलीत, उलटा ठेवलेला वगैरे चालत नाही. आणि वेळ संपायच्या आधी पाच मिनिटं सांगायचं: "अजून एक डाव, मग दात घासायचे." अचानक "चला, बास" म्हटलं की रडारड होते, मग घरातले म्हणतात, बघा, खेळवलं की रडतो.

झोपायच्या अगदी तोंडावर दंगामस्ती, कुस्ती, घोडा-घोडा नको. बापलेकांची कुस्ती ही मोठी मजेची आणि कामाची गोष्ट आहे, मूल त्यातून आपली ताकद जपून वापरायला शिकतं. पण ती जेवणाआधी.

पायरी ३: खेळाची पेटी भरा

पेटी म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं, मुलाच्या हाताला लागेल अशा जागी. त्यात काय काय: स्टीलच्या डब्या आणि त्यांची झाकणं, कपड्यांचे चिमटे, करवंट्या, जुन्या दोन ओढण्या, एक चादर, लाकडी चमचा, बंद पडलेला रिमोट (सेल काढून), खडू, पाण्याच्या बाटल्यांची बुचं, थोडी सुतळी, रिकाम्या काड्यापेट्या. चार वर्षांपुढच्यांना चिंचोके, कवड्या, सागरगोटे. चादर दोन खुर्च्यांवर टाकली की घर होतं, अंगावर घेतली की भूत, जमिनीवर पसरली की समुद्र. बटण दाबल्यावर स्वतःच नाचणाऱ्या माकडासमोर मुलाला करायला काही उरत नाही, ते फक्त प्रेक्षक होतं. म्हणून महागडी खेळणी चार दिवसांत कोपऱ्यात जातात आणि ज्या खोक्यातून ती आली ते खोकं महिनाभर टिकतं.

हे काही माझं डोकं नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या साथीला होत्या. परदेशी पद्धतीची महागडी शैक्षणिक साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं घेतली आणि त्यांवर बालवाडी उभी केली. मुलं बालवाडीत येत नव्हती, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द आला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि आज देशभर तिची केंद्रं याच नावानं ओळखली जातात. पालघर जिल्ह्यातल्या अंगणात खड्यांनी जे झालं ते तुमच्या हॉलमध्ये चिमट्यांनी होईल.

घरात आधीच खेळण्यांचा ढीग असेल तर त्यातला दोन तृतीयांश माळ्यावर टाका. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. माळ्यावरून खाली आलेलं जुनं खेळणं नवं होऊनच येतं.

आता सुरक्षिततेचं, आणि इथे मी घाई करणार नाही. तीन वर्षांखालचं मूल सगळं तोंडात घालतं. साधारण ४ सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून जे आरपार जाईल ते त्याच्या पेटीत नको: चिंचोके, कवड्या, सागरगोटे, बुचं, गोट्या, मणी, नाणी, सगळं बाद. फुगा फुटला की त्याचे तुकडे लगेच उचला, ते घशात चिकटतात. रिमोट-घड्याळातला बटणासारखा चपटा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. लोहचुंबकाचे छोटे गोळे घरातच नकोत. आणि गुंजा: लाल-काळ्या, दिसायला इतक्या देखण्या की गावाहून येताना कुणीतरी मूठभर आणतंच. ते बी विषारी आहे. पेटीत, माळेत, कुठेच नको. पाण्याच्या खेळाला मोठं माणूस शेजारी हवंच, थोडं पाणी असलेली बादलीसुद्धा रांगत्या बाळाला धोक्याची असते. विकतची खेळणी घेताना आयएसआय मार्क बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्यांच्या खेळण्यांना तो बंधनकारक आहे.

पायरी ४: आता खेळायला बसा, पण लिंबूटिंबू म्हणून

सगळ्यात अवघड पायरी ही. पालकांना मी पहिल्या आठवड्यापुरती एक अट घालते: खेळताना प्रश्न विचारायचा नाही. एकही नाही. लोक हसतात, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात की तीन मिनिटांच्या वर जमलं नाही.

मग करायचं काय? जमिनीवर बसा, मुलाच्या उंचीला या, आणि थांबा. ते काय करतंय ते साध्या शब्दांत बोला: "डबी बंद झाली. आत काहीतरी वाजतंय." त्यानं काही दिलं तर घ्या. मागितलं तर द्या. त्यानं चेंडू टाकला की तुम्ही परत टाकायचा, पुढचा टाकायला त्याला वेळ द्यायचा, एवढाच हा खेळ. बोलता न येणाऱ्या बाळाबरोबरही हेच चालतं. ते हुंकार देतं, तुम्ही हुंकार द्या. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाशी पदराआडून बुवा-कुक् करताना बघा: पदराआड गेलेली आई संपलेली नाही, ती आहेच, हे त्याला नुकतंच कळायला लागलेलं असतं. म्हणून शंभराव्यांदाही तितकंच हसतं.

एक जवळून बघितलेला प्रसंग सांगते. चार वर्षांची मुलगी, तिचे बाबा, मध्ये भातुकली. तिनं रिकामा कप दिला.

"चहा घ्या."

बाबा: "वा! साखर किती चमचे घातलीस? दोन अधिक एक किती?"

मुलगी गप्प. कप परत घेतला. आठवडाभरानं त्याच दोघांना मी परत पाहिलं.

"चहा घ्या."

बाबांनी फुंकर घातली, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "अगं आई गं. मीठ!"

ती खदखदून हसली, मग एकदम कामाला लागली. "थांबा हं, तो पाहुण्यांचा नव्हता, तो कावळ्याचा होता." पुढची वीस मिनिटं कावळा कोण, त्याला मिठाचा चहा का लागतो, त्याची आई त्याला रागावते का, हे सगळं तिनं रचून सांगितलं. "रागावते पण मग जवळ घेते," असंही. त्या दिवशी सकाळी घरात रागवारागवी झाली होती, हे बाबांनी मला नंतर सांगितलं. मूल दिवसभरातलं जे बोलू शकत नाही ते भातुकलीत मांडतं. इंजेक्शन देऊन आणलेलं पोर घरी येऊन बाहुलीला चार इंजेक्शनं देतं ते उगाच नाही. त्या वेळी "अशी नाही गं टोचायची बाहुलीला" असं म्हणून त्याचा हात धरू नका.

दुरुस्त्याही करायच्या नाहीत. गाय निळी असेल तर असू दे. आणि कंटाळा आला तर लपवू नका, मुलांना तो बरोबर कळतो. "मी दहा मिनिटं खेळणार, मग मला भाजी चिरायचीय" हे सरळ सांगा, आणि ती दहा मिनिटं पुरती द्या.

पोळ्या करताना कणकेचा एक छोटा गोळा पोराच्या हातात द्या. पीठ सांडेल. तुमची पोळी होईपर्यंत त्याचा साप, सापाची अंडी आणि शेवटी एक वाकडी पोळी होते, ती तव्यावर टाकून त्यालाच वाढा. वेगळा वेळ काढायला जमत नाही अशा घरांना मी हाच पहिला खेळ सांगते.

पायरी ५: वयाचा अंदाज घ्या, पण तक्त्याला चिकटू नका

दोन वर्षांच्या मुलांच्या आया हमखास काळजीत असतात: "बाकीच्यांत मिसळतच नाही हो, बाजूला बसून एकटाच खेळतो." मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेनं १९३२ मध्येच लिहून ठेवलंय की लहान मुलं आधी एकटी खेळतात, मग दुसऱ्यांचं नुसतं बघतात, मग शेजारी बसून आपापलं खेळतात, आणि खरंखुरं मिळून खेळणं त्यानंतर येतं. शेजारी बसून आपापलं खेळणं हाही त्यांचा मिळून खेळच आहे. नुसतं कडेला उभं राहून बघणारं मूलसुद्धा नियम शिकत असतं. ढकलू नका.

हालचालीचा हिशेब मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्यांसाठी तो दिला: रांगायला न लागलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं, जागेपणी. १ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात निदान १८० मिनिटं हालचाल, आणि तीन वर्षांपुढे त्यातली ६० मिनिटं घाम काढणारी. स्क्रीन दोन वर्षांपर्यंत नाहीच, पुढे चारपर्यंत जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं बरं. ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. तीन तास ऐकून छाती दडपते, पण घरातून जिन्यापर्यंत, जिन्यातून गच्चीपर्यंत, बाजारातून घरापर्यंत चालत जाणं सगळं त्यात येतं. कडेवर घेतलेली मिनिटं तेवढी वजा करा.

पायरी ६: बाहेर पडा, सोसायटीशी बोला

आता सगळ्यात चिवट अडचण. पटांगणाची पार्किंग झाली, आणि फाटकावर पाटी लागली: "येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे." संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं ३१ वं कलम खेळण्याचा हक्क देतं, भारतानं १९९२ मध्ये ती संहिता मान्य केली, हे सगळं खरं. पण कमिटीच्या मीटिंगमध्ये कलम वाचून दाखवून उपयोग होत नाही. मी करून पाहिलंय. सेक्रेटरी आदरानं ऐकून घेतात आणि पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा काढतात.

उपयोग होतो तो वेळापत्रकाचा. चार घरांनी आधी आपसांत ठरवा: सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते सात. दर दिवशी एक मोठं माणूस बाकावर, पाळीपाळीनं. रबरी किंवा स्पंजचा चेंडू, क्रिकेटचा टणक नाही. परीक्षेच्या महिन्यात आवाजाचे खेळ बंद. हा कागद घेऊन जा आणि परवानगी एक महिन्यासाठीच मागा. महिनाभरात काच फुटली नाही की पुढचा महिना आपोआप मिळतो.

आणि जागा कमी असेल तर खेळ जागेला जुळणारे निवडा. इमारतीखालचे पार्किंगचे खांब खांबखांबोळ्यांसाठीच बांधल्यासारखे आहेत: खेळणाऱ्यांपेक्षा एक खांब कमी, बाकीच्यांनी खांब बदलायचे, मधल्यानं पटकवायचा. गाड्या उभ्या असतील तेव्हा मात्र तिथे पळापळ नको, आणि रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांवर बाकावरच्या माणसाचं लक्ष हवं. पेव्हर ब्लॉक आणि कडेची माती असली की दगड का माती होतो. खडूनं चार घरं आखली की लंगडी. फरशीचे सात तुकडे मिळाले की लगोरी. डबा ऐसपैस आणि विष-अमृत कुठेही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हे सगळं सहानंतर, पाण्याची बाटली बरोबर ठेवून.

मुलं सगळ्या वयांची एकत्र असू देत. वेगवेगळ्या वयोगटांचे क्लास करून आपण फार मोठं काहीतरी घालवलंय. अकरा वर्षांची ताई सहा वर्षांच्याला लगोरीत कुठून मारायचं ते दाखवते, तो चार वर्षांच्याला लिंबूटिंबू करून बरोबर घेतो. मोठ्यांच्या सूचनेशिवाय दुबळ्याला सामावून घेण्याची इतकी सोपी पद्धत मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

भांडणं होतील. "तू आउट होतास." "मी टाइम प्लीज घेतलं होतं!" बाकावरच्या माणसानं उठायची घाई करायची नाही. मनात शंभर मोजा. बहुतेक भांडणं साठच्या आत मिटतात, कारण खेळ थांबलेला कुणालाच परवडत नाही. हात उगारला, एकाला सगळे मिळून छळतायत, कुणी रडत एकटंच बाजूला गेलं, तर मात्र शंभर मोजायचे नाहीत. आणि मध्ये पडलात तरी न्यायाधीश होऊ नका. "आता काय करायचं म्हणता?" एवढं विचारा. 'चकून घेऊ' हे उत्तर त्यांच्याकडे तयार असतं.

बाहेर खेळण्याचा एक फायदा डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. उजेडात, मोकळ्यावर घालवलेल्या वेळामुळे लवकर चष्मा लागण्याचं प्रमाण घटतं. तैवाननं २०१० पासून शाळांमधून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रमच हाती घेतला, तो याच कारणासाठी.

पायरी ७: हरायची सवय, पत्त्यांच्या मदतीनं

पाच वर्षांच्या मुलाला हरणं सहन होत नाही. सापशिडीत ९८ वरून साप गिळतो आणि पट उधळला जातो. काही आजोबा मुद्दाम हरत राहतात. दोन-चार डाव ठीक, पण रोज हरणारे आजोबा मुलालाही खोटे वाटायला लागतात.

त्यापेक्षा निव्वळ नशिबाचे खेळ घ्या. भिकार-सावकारमध्ये सत्तर वर्षांची आजी आणि पाच वर्षांचा नातू अगदी बरोबरीचे असतात. तिथे आजी खरीखुरी हरते, आणि हरल्यावर काय करायचं ते दाखवते: कपाळाला हात लावते, "मेलं नशीबच फुटकं" म्हणते आणि पत्ते पिसायला घेते. नातवाला यापेक्षा वेगळा धडा लागत नाही. मग गुलामचोर, मग बदामसात, आठ-नऊ वर्षांपुढे मेंढीकोट. मेंढीकोटात भिडू असतो, त्यामुळे हरणं वाटून घेता येतं. डाव छोटे ठेवा, म्हणजे लगेच दुसरा मांडता येतो. रडीचा डाव खेळणाऱ्याला चिडवू नका, दोन मिनिटं जाऊ द्या, आणि त्याची जागा धरून ठेवा: "तुझे पत्ते इथे पालथे ठेवलेत."

पायरी ८: मोठ्यांचा स्वतःचा खेळ

घरातलं मोठं माणूस स्वतः काहीच खेळत नसेल तर मुलाबरोबर खेळणं हे त्याच्या यादीतलं आणखी एक काम होऊन बसतं. आपल्याकडे बायकांच्या खेळाला परंपरेनं जागा दिलेली आहे. मंगळागौरीच्या रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, लाट्या. नवरात्रात भोंडला, आणि आज काय खिरापत ते ओळखायचं. वर्षभर पाठ दुखते म्हणणारी बाई त्या रात्री सुपं घेऊन नाचते. सण आला की करा हे म्हणण्यापेक्षा मी म्हणते, एखाद्या साध्या शुक्रवारी जेवणानंतर फुगडी घालून बघा, मुलांसमोर. आई धापा टाकत हसतेय हे पाहिलेलं मूल आठवडाभर त्याबद्दल बोलतं. पुरुषांसाठी कॅरम आहेच, पण दहा वर्षांच्या लेकीला समोर बसवून, आणि तिच्या सोंगट्या तिला मारू देऊन.

नातवंडं परगावी, परदेशी असतील त्यांना व्हिडिओ कॉलवर "काय जेवलास, शाळेत काय झालं" याच्यापुढे सरकता येत नाही, अशी सगळ्या आजी-आजोबांची तक्रार असते. दोन्हीकडे कागद-पेन घेऊन नाव-गाव-फळ-फूल मांडा. न्यू जर्सीतला नातू 'ळ' अक्षर काढून आजीला अडकवायला बघतो, आणि पुढच्या रविवारी स्वतःहून फोन लावतो.

मोबाइलचं काय, हे विचारालच. आधी काढून घेऊ नका. आधी खेळ आणा, मग जेवताना आणि झोपायच्या आधीच्या तासात मोबाइल घरातल्या सगळ्यांचा बंद करा. सगळ्यांचा म्हणजे तुमचाही.

कधी दाखवायचं

दीड वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटानं दाखवत नाही, नावानं हाक मारल्यावर वळून बघत नाही, आधी येत असलेले शब्द गेले, किंवा दोन-अडीच वर्षांचं होऊनही खोटंखोटं जेवण भरवणं, खोटा फोन लावणं असलं काहीच करत नाही, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उघडली आहेत, तिथे तपासणी आणि उपचार सरकारी व्यवस्थेतूनच होतात. तुमच्या अंगणवाडी ताईंना विचारलंत तर त्या पुढची वाट दाखवतील. निदान काहीही निघालं तरी खेळ बंद करायचा नसतो, खेळाची चाल त्या मुलाला बेतायची असते: चेंडूत घुंगरू घाला, लगोरीचे दगड मोठे घ्या, पळण्याऐवजी हाक मारून आउट करा.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात

या सुमाराला एक गोष्ट होते, आणि पालक मला ती थोड्या दुखावलेल्या आवाजात सांगतात. मूल चादरीचं घर मांडतं, आत दोन बाहुल्या आणि एक चिमटा घेऊन जातं. तुम्ही सवयीनं वाकून आत डोकावता. आणि आतून आवाज येतो, "आई, तू आता जा. आमचं चाललंय."

मग चादरीची कड हळूच सोडून द्यायची. जाता जाता जमलं तर दाराबाहेर एका वाटीत चुरमुरे ठेवा, घरातल्या मंडळींना भूक लागते.